छापात सगळे डावखुरे

इतवारीत, भांडे ओळीच्या टोकाशी
दाजीबा बिनेकर स्टुलावर बसून नावं कोरायचे.
वाटीला दोन रुपये, गुंडाला पाच.
'सप्रेम भेट' हे दोन शब्द फुकट.

एका मे महिन्यात, ओळीत कुत्रंही फिरकत नव्हतं तेव्हा
मी त्यांना कॉलेजच्या ग्रंथालयातलं जाड पुस्तक दाखवलं:
साडेचारशे वर्षांपूर्वीचे, थंड मुलखातले
तेवीस चित्रकार, तांब्यावर कोरून कागदावर उतरवलेले.
ज्याची त्याची टोपी, टोपीखाली चेहरा,
चेहऱ्याखाली लॅटिनात स्तुती.
छापखानेवाला मधेच वारला म्हणे,
बायकोनं काम तडीस नेलं.

दाजीबांनी टोप्या पाहिल्या नाहीत.
चष्मा कपाळावर ढकलून, नाक कागदाला लावून
एकाच्या गालावरच्या रेघा मोजत राहिले.
"हा रंगानं चित्र काढे, मान्य.
पन ह्याचा गाल कोनं कोरला?
त्याचं नाव कुठी हाये?"
काही पानांवर कोपऱ्यात अक्षरं होती, मुंगीएवढी.
काहींवर तीही नव्हती.
"मंग तिकडंबी तसंच," म्हणाले,
आणि पुस्तकावरची तांब्याची धूळ बाहीनं पुसली.

दिवाळीपर्यंत चार पत्रे झाले.

मोमीनपुऱ्याचे रज्जाक पेंटर, अर्ध्या शहराच्या पाट्या त्यांच्या.
खाली दाजीबांची ओळ:
'मराठी बोलता येत नाही, पण ह्याचा ळ पोटभर जेवलेला.'
टॉकीजच्या भिंतीएवढ्या नट्या रंगवणारे श्रावण हेडाऊ:
'ह्याच्या हातून डोळा नेहमी वीतभर मोठा.'
मारबतीला डोळे देणारी शेवंता निखारे.
तिच्याखाली फक्त, 'जाळतात ते. ही पुन्हा काढते.'
आणि नंबरप्लेटवाला केशव खापरे,
ज्याच्या डाव्या हातावर
लहानपणी आईनं उलथन्याचा चटका दिला होता.
त्याच्याखाली ओळ नव्हती. चटका मात्र होता,
सहा बारीक रेघांचा.

छापयंत्र माझ्या ताब्यात. पगार त्याचाच.
रविवारी चौघंही आले, शेवंताबाई नातवाला घेऊन.
शाई भरली, दाजीबांच्या बायकोच्या जुन्या पातळानं पुसली,
ओला कागद ठेवला, चाक फिरवलं.
कागद उचलला तेव्हा कुणीच बोललं नाही.

अक्षरं पाठमोरी.
रज्जाकभाईंचा ळ तोंड फिरवून बसलेला.
"अरे, मैं कब से लेफ्टी हो गया?"
श्रावणही डावखुरे, शेवंताबाईही.
मला ठाऊक होतं, मी सांगायला हवं होतं.
चाळीस वर्षं ज्याचं अक्षर
कोरलं तिथंच राहिलं, भांड्याबरोबर नांदलं, मोडीत गेलं,
त्याला कागदाचा हा स्वभाव कुठून माहीत असणार?
कागद घेऊन जातो, आणि नेता नेता वळवतो.

दाजीबा पत्र्याकडे बघत, मग कागदाकडे, मग पत्र्याकडे.
मी कोपऱ्यात त्यांचं नाव शोधलं.
भिंग लावलं.
मुंगीएवढं, उलटं, सवयीनं कोरलेलं:
'सप्रेम भेट'.

शेवटचा छाप केशवचा.
त्यात ब्रश उजव्या हातात होता.
चटकाही उजव्यावर गेलेला, पण ते त्यानं पाहिलं नाही.
तो ब्रशच बघत होता.
"माय असती..." म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

सुकायला टांगू द्या म्हटलं, तर ऐकेना.
ओला कागद उजव्या हातात धरून निघाला.
दारापर्यंत नीट गेला.
पायरीवर कागद वाकायला लागला, तसा
त्यानं तो डाव्यात घेतला.